मोठे गुरुजी गाडी घेतात

ज्या माणसाने शाळेची घंटा निवडण्यात अख्खं सत्र घालवलं, त्याच्यासोबत गाडी घ्यायला जाणारा माणूस मूर्खच असला पाहिजे. तो मूर्ख मी.

घंटेचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. एकोडीच्या शाळेत मी नवीन लागलो तेव्हा ते तिथे मुख्याध्यापक होते. सगळं गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणायचं, म्हणून आम्ही शिक्षकही तेच म्हणायचो. शाळेची जुनी घंटा तडकली होती. गुरुजींनी भंडाऱ्याच्या पितळेच्या दुकानातून दोन घंटा आणल्या, एक ठेवतो आणि एक परत करतो या बोलीवर. दोन्ही व्हरांड्यात शेजारी शेजारी टांगल्या. एक दिवस ही वाजवायची, दुसऱ्या दिवशी ती. शिपाई घंटा द्यायचा तेव्हा स्वतः गुरुजी सायकलवरून गावतलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहायचे आणि कान देऊन ऐकायचे. दुकानदार चकरा मारून थकला. मी एकदा न राहवून म्हटलं, "गुरुजी, दोन्ही सारख्याच वाजतात हो."

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सारखं दिसते ते सारखं नसते, सर."

हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "घाई त्याले, ज्याले काम दोनदा करायचं हाय." ही दोन वाक्यं फेकून त्यांनी आमच्या सगळ्या स्टाफला वर्षानुवर्षं टांगून ठेवलं होतं, त्या घंटांसारखंच. भिंतीचा रंग घ्या, पाण्याची टाकी घ्या, सहलीची बस घ्या, काहीही घ्या. दोन वस्तू समोर आल्या की हा माणूस खिळून जायचा. आणि शेवटी एक घेतली तरी ती का घेतली हे सांगायचं नाही. घंटांमधली कमी आवाजाची ठेवली. कारण विचारलं तर "बरी वाटली" एवढंच. मला सगळ्यात जास्त राग याचाच यायचा. माणसाने वेळ खावा, पण निदान हिशेब तरी द्यावा.

दिसायला काडीसारखे. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, आणि सायकल कायम हातात धरून चालायचे, तिच्यावर बसायचे कमी. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ ऐन तारुण्यात वारला, तेव्हापासून घरात ते, भावाची बायको आणि तिचा मुलगा, अशी तीन माणसं. मुलाला गुरुजींनी शिकवलं, इंजिनीअर केलं. तो पुण्याला नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली.

आता आमच्याकडची रीत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, भावसून म्हणजे धाकट्या भावाची बायको. जुन्या घरांत भावसून भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर खाटेवर किंवा खुर्चीवर बसत नाही, त्याच्या चटईला पाय लावत नाही. तोही तिच्याशी थेट बोलत नाही. आताच्या घरांतून हे बरंच गेलं. गुरुजींच्या घरात मात्र ते घट्ट होतं.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा आम्ही अंगणात बसलो होतो. गुरुजी मोकळ्या अंगणाकडे बघून म्हणाले, "बाळ्या, आईले सांग, सर आले हायेत, चहा ठेव म्हणा."

मी इकडेतिकडे पाहिलं. बाळ्या कुठेच नव्हता. आतून बाईमाणसाचा आवाज आला, "बाळ्या, त्याइले सांग, दूध फाटलं, काळा चालन काय विचार."

"बाळ्या, चालते म्हणा," गुरुजी म्हणाले.

बाळ्या म्हणजे तो पुण्याचा पुतण्या. तो लहान असताना दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करायचा. पोरगं घर सोडून गेलं, पण या दोघांनी त्याची नोकरी चालूच ठेवली होती. मी काळा चहा प्यालो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, आमचे मुख्याध्यापक थोडे सरकलेले आहेत. ती म्हणाली, तुम्हाला आज समजलं काय.

गुरुजी निवृत्त झाले त्याच सुमारास काकूंच्या, म्हणजे त्या भावसुनेच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जायचं भंडाऱ्याला. एकोडीहून साकोली, तिथून लाखनी, मग भंडारा, असा पल्ला. पहिल्या खेपेला गावातली भाड्याची जीप केली. गुरुजी पुढे ड्रायव्हरशेजारी, काकू आणि शेजारच्या मावशी मागे. दोन खेपा झाल्या आणि काकूंनी सांगून टाकलं, मी जात नाही. का, ते नाही. त्या घरात कारण सांगायची पद्धतच नव्हती.

मग गुरुजींनी जो तोडगा काढला त्यानं माझं डोकं उठलं. काकू आणि मावशी जीपने जाणार, आणि गुरुजी त्याच वेळी साकोलीहून एसटीने. एकाच घरातून एकाच दवाखान्यात जाणारी माणसं, आणि दोन गाड्या. एकदा एसटी लाखनीला बंद पडली. दवाखान्यात कसल्याशा कागदावर घरच्या माणसाची सही हवी होती, मावशींची चालेना. गुरुजी पोहोचेपर्यंत मशीन दुसऱ्या पेशंटला लागली होती. काकूंना तसंच परत यावं लागलं. दोन दिवसांत त्यांचे पाय सुजून आले, रात्री आडवं पडलं की दम लागायचा. पुण्याहून पुतण्या फोनवर ओरडला, "मोठेबाबा, गाडी घ्या. पैसे कमी पडले त मी टाकतो. पण आईची एक खेप चुकायला नाही पाहिजे." डॉक्टरही तेच म्हणाले. खेपा चुकल्या तर बाई वाचायची नाही, इतक्या साध्या शब्दांत.

आणि गुरुजींनी मला बोलावलं. का, तर माझ्याकडे एक जुनी गाडी होती आणि मला चालवता येत होतं. गुरुजींची उडी सायकलीपुढे गेली नव्हती.

दोन गाड्या ठरल्या होत्या. दोन्ही मोठ्या, उंच, तीन रांगांच्या. आता प्रत्येकाच्या दारात असतात तशा. एक आम्ही लाल म्हणायचो, एक पांढरी, शोरूममध्ये पहिल्यांदा पाहिल्या त्या रंगांवरून. किमतीत फरक म्हणाल तर एका चांगल्या मोबाइलचा. लालमध्ये सात माणसं बसतात, छताला उघडणारी काच, समोर टीव्हीएवढा पडदा. पांढरीत सहा. तिच्या मधल्या रांगेत सलग सीट नाही, दोन वेगवेगळ्या खुर्च्या आणि मध्ये वाट. गावच्या पारावर निकाल एका दिवसात लागला. पैसे तेवढेच आणि एक माणूस कमी बसते, मग पांढरी घेणारा येडा. पुतण्या लाल म्हणाला. मी लाल म्हणालो. माझ्या बायकोनेही फोटो पाहून लाल म्हटलं, तिला कोणी विचारलं नव्हतं तरी.

गुरुजी म्हणाले, "पाहू जी. सारखं दिसते ते सारखं नसते."

मी मनात म्हटलं, मेलो.

पहिल्या शोरूममध्ये लाल गाडी चालवून पाहायला आणली. सेल्समन गुरुजींसाठी पुढचं दार उघडून उभा. गुरुजी पुढे बसेचनात. ते मागे गेले आणि म्हणाले, शेवटच्या रांगेत कसं जायचं ते दाखव. पोराने मधली सीट पाडून दाखवली. गुरुजी कमरेत वाकून, एक गुडघा टेकवून, कण्हत कण्हत आत शिरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागले होते. मला म्हणाले, "सर, तुमी मधात बसा." मी बसलो. गाडी सुटली.

थोड्या वेळाने मागून खोकला आला. मग, "सर, ऐकू आला काय?"

"आला."

"पाय हालवतो. सीटले लागते काय?"

"लागते, गुरुजी."

"मागं कोणी बसलं हाय असं वाटते काय?"

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही मागे बसलाच आहात. वाटायचं काय त्यात?"

सेल्समनला वाटलं हीच संधी. तो म्हणाला, "सर, आपल्या गाडीचा हाच प्लस पॉइंट. केबिन एवढी शांत आहे की शेवटच्या सीटवरचा माणूस पुढच्याशी आरामात गोष्टी करू शकते. पूर्ण फॅमिली एकत्र असल्यासारखी वाटते."

गुरुजींचा चेहरा असा पडला की विचारू नका. गाडीतून उतरले, त्या पोराला धन्यवाद म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या शोरूममध्ये पांढरीचंही तेच. मी मधल्या खुर्चीत, ते मागे. खोकणं, पाय हलवणं, दुपट्टा झटकणं. एकदा तर नुसतेच गप्प बसले आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "आता विसरले काय मी हाओ म्हणून?" तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं? ना इंजिन पाहिलं, ना मायलेज विचारलं, ना टायर. सेल्समनने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, काकांना काही त्रास आहे काय. मी म्हटलं, त्रास मला आहे.

परत लाल. परत पांढरी. दोन्ही शोरूमची माणसं आम्हाला ओळखायला लागली, पाण्याऐवजी चहा द्यायला लागली आणि मग चहाही बंद केला. महिना जाऊन दुसरा लागला. इकडे कधी जीप मिळायची नाही, कधी गुरुजींची एसटी चुकायची, आणि काकूंची खेप बुडायची. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो तर काकू ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, श्वास तोंडाने चालला होता. त्या आठवड्यात एकही खेप झाली नव्हती. आणि अंगणात गुरुजी काय करत होते? दोन्ही गाड्यांची रंगीत पत्रकं समोर ठेवून टेपने दोन खाटांमधलं अंतर मोजत होते.

माझा तोल सुटला. मी म्हटलं, "गुरुजी, माफ करा, पण तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. बाईचा जीव जाऊन राहिला आणि तुम्ही दोन महिने गाडीत बसून खोकून राहिले. लाल घ्या, पांढरी घ्या, नाहीतर बैलगाडी घ्या, पण काहीतरी घ्या." एवढं मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. गुरुजी टेप गुंडाळत राहिले.

शेजारच्या मावशी दारातच होत्या. त्यांनी मला हाताने खुणावून बाहेर बोलावलं आणि कवाडाशी उभं करून चांगलं झापलं.

"कायले वरडता जी त्याइच्यावर? तुमाले काई मालूम हाय?"

मी म्हटलं, कोणी सांगेल तर मालूम होईल ना.

मावशी म्हणाल्या, "ते जीपमधी समोर बसत, अन् हे बाई मागं. भासरा डोळ्यासमोर असताना सीटवर कशी बसन? चालू गाडीत खाली बसत होती. दोन सीटच्या मधात, पत्र्यावर. सुजल्या पायानं, भंडाऱ्यापावतर. मी हात धरून वर ओढो, त हे खाली सरके. तिकडून सुई टोचून येताना बी तसीच. दुसऱ्या खेपेले त्याइनं आरशात पाहिलं. त्या दिवसापासून ते एसटीनं जातेत."

मी विचारलं, "मग इतक्या आजारात तरी हे सगळं कशाला? ते वडिलांसारखे आहेत त्यांना."

"तुमी बाहेरचे हा," मावशी म्हणाल्या. "तिचा मालक गेला तवा हे पोरगीच होती. आंबागडवरून तिचे भाऊ न्यायले आले. गुरुजी म्हणाले, घर तिचं हाय, ते कोठी जाणार नाई. मंग गावानं काय म्हणाव? बिनलग्नाचा भासरा अन् तरणी विधवा, एका घरात. तवापासून हा माणूस ओसरीच्या आत आला नाई जी. थंडीत बी बाहेरच झोपते. एक शब्द तिच्याशी बोलला नाई. म्हणून त आजपावतर कोणाच्या तोंडातून तिच्याबद्दल एक वाकडी गोष्ट निघाली नाई. ते मोडाव म्हणता तुमी, गाडीसाठी?"

मग मला तो खोकला समजला. समोर दिसलेलं मोठं माणूस काकूंना सीटवर बसू देत नव्हतं. मागे, नजरेआड असलं, ऐकू आलं नाही, सीटला धक्का लागला नाही, तर कदाचित त्यांना विसरता आलं असतं की भासरा गाडीत आहे. गुरुजी दोन महिने अशी गाडी शोधत होते, जिच्यात ते असून नसतील. आणि हे त्यांनी मला सांगितलं नाही. सेल्समनला सोडा, मला तरी सांगायचं. पण बाईमाणसाची गोष्ट चारचौघांत काढायची नाही, हाही त्यांचा एक नियम असावा. या माणसाच्या नियमांची यादी कुठे संपते कोण जाणे.

मी परत अंगणात गेलो आणि म्हटलं, "गुरुजी, पांढरी. मधल्या वाटेतून तुम्ही आधी मागे जाऊन बसायचं, काकू नंतर चढतील. खुर्ची वेगळी आहे, तुमचे पाय लागत नाहीत. मी स्वतः बसून पाहिलं आहे."

"खोकला?" त्यांनी विचारलं.

"रेडिओ लावू."

ते विचारात पडले. मी मनात म्हटलं, आता यांनी 'पाहू जी' म्हटलं तर मी ही पत्रकं चुलीत घालतो. पण ते म्हणाले, "बाळ्या, आईले सांग, पांढरी घेऊन राहिलो म्हणा." ओसरीतून उत्तर आलं नाही. बहुतेक दम नव्हता.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमवाल्यांनी आणखी एक खेळ केला. गाडीवर रेशमी कापड टाकलेलं, हार, लाकडाची मोठी किल्ली. पूर्ण फॅमिलीचा फोटो काढू म्हणाले. गुरुजी म्हणाले, फॅमिली घरी हाय. मग हातात ती किल्ली धरून एकट्याचा फोटो काढला, आणि त्यातही ते गाडीच्या मागच्या बाजूला उभे राहिले.

पारावर हसून हसून लोकांची पोटं दुखली. सहा माणसांची गाडी घेतली आणि मालक डिक्कीत बसते म्हणायचे. मलाही ते दृश्य पाहून चीड यायची, खोटं कशाला बोलू. शाळा असली की गावातला एक ड्रायव्हर जायचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच चालवायचो. आधी गुरुजी वाकून मागे जायचे. मग मावशी काकूंना हात देऊन मधल्या खुर्चीत बसवायच्या आणि स्वतः पुढे माझ्या शेजारी. ज्याच्या नावावर गाडी, तो सामानाच्या जागेत दुपट्ट्यात तोंड खुपसून, खोकला दाबत. पण काकू सीटवर बसायच्या. पहिल्या दिवशी अवघडून, दांडीला धरून. नंतर मान टेकवून. पुढे पुढे तर लाखनी यायच्या आत झोपायच्या. एकही खेप चुकली नाही. सूज उतरली. मी गुरुजींना एसीचं विचारायचो, मागे वारा येतो का, पाय दुखतात का. ते बोटाने गप्प राहा म्हणून खुणावायचे. गाडीत ते नव्हतेच ना.

मे महिन्यात एकदा मावशी लग्नाला गेल्या होत्या, म्हणून आम्ही तिघंच होतो. डायलिसिस करून परत निघालो. लाखनी मागे पडली असेल, मी आरशात पाहिलं तर काकूंची मान एका बाजूला लोंबत होती, पदर गळून पडला होता, हात खाली लटकलेला. मी ओरडलो, "गुरुजी, काकूंकडे पाहा."

माझा ब्रेक लागायच्या आत ते मधल्या वाटेतून पुढे आले होते. आयुष्यात कशाचीही घाई न केलेला माणूस. शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी काकूंचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आपल्या खांद्यावर घेतलं आणि दुपट्टा त्यांच्या डोक्यावर टाकला. "परत फिरवा जी," मला म्हणाले. मी गाडी वळवली आणि जेवढी पळेल तेवढी पळवली. मागे ते सारखे एकच बोलत होते, अगदी कानाशी. "डोळे उघडा. ऐकू येते काय? जाऊ नका. घर तुमचं हाय, जाऊ नका. मी एकटा काय करू त्या घरात? जाऊ नका." दवाखान्याच्या दारापर्यंत ते थांबले नाहीत. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही पाहिलं नाही, नुसतं ऐकलं.

रक्तदाब एकदम उतरला होता, असं डॉक्टर म्हणाले. सलाइन लावलं, एक रात्र ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

पुढच्या खेपेला मी सकाळी गाडी घेऊन दारात उभा राहिलो. मावशी होत्या, काकू हळूहळू चालत आल्या. आणि गुरुजी? गुरुजी कमरेत वाकले आणि निघाले मागच्या सीटवर. माझं पित्त खवळलं. मी त्यांना आत जाऊ दिलं, मावशींनी काकूंना खुर्चीत बसवलं, दारं लागली, आणि मग मी सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, हे आता बस झालं. पुन्हा तसंच झालं तर? काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, मुकाट्याने तिथे येऊन बसा. त्या दिवशी बसले होतेच ना?

गुरुजी मागून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी त्याइले शुद्ध नव्हती जी. आज हाय."

मी किल्ली फिरवायला हात पुढे केला.

काकूंनी पदर डोक्यावर नीट घेतला. समोरच्या काचेकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी त्या दिवशी बी शुद्धीतच होती."

मावशी खिडकीबाहेर पाहू लागल्या. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. मी गाडी सुरू केली.